फोनचे बोलणे आणि ऐकणे

मोबाइल फोन टॉवरकडे पाठवतो तो संकेत आणि टॉवरकडून त्याच्यापर्यंत पोहोचणारा क्षीण संकेत यांच्या शक्तीत लाख कोटी पटींचा फरक पडू शकतो. त्यामुळे एकाच वारंवारतेवर एकाच क्षणी बोलू आणि ऐकू लागलेला फोन स्वतःच्याच आवाजाने बहिरा होईल. हे दोन प्रवाह अलग राखण्याच्या तंत्राला डुप्लेक्सिंग म्हणतात.

त्याची जुनी रीत वारंवारता-विभाजनाची, म्हणजे एफडीडी. 1800 मेगाहर्ट्झ पट्ट्यात फोन 1710 ते 1785 या भागात बोलतो, 1805 ते 1880 या भागात ऐकतो आणि मधले 20 मेगाहर्ट्झ मोकळे राहतात. दोन्ही दिशांना सारखीच जागा मिळते, हा आता या रीतीचा दोषच म्हणावा लागेल, कारण व्हिडिओ पाहणारा ग्राहक घेतो पुष्कळ आणि देतो थोडे.

काल-विभाजनात, म्हणजे टीडीडीत, एकेरी रेल्वेमार्गाप्रमाणे दोन्ही दिशांची वाहतूक एकाच पट्ट्यातून आळीपाळीने होते आणि कोणाला किती वेळ द्यायचा हे गरजेनुसार ठरवता येते. या लवचीकतेची किंमत मात्र मोजावी लागते. रेडिओलहरींना 15 किलोमीटर जाऊन येण्यास 100 मायक्रोसेकंद लागतात, म्हणून दिशा पालटताना तेवढा तरी वेळ रिकामा ठेवावा लागतो. शिवाय शेजारच्या टॉवरांची घड्याळे 3 मायक्रोसेकंदांच्या आत जुळावी लागतात, नाहीतर एका टॉवरचे बोलणे दुसऱ्याच्या ऐकण्यात मिसळते.

पाचव्या पिढीसाठी भारतात 2022 मध्ये लिलाव झालेला 3300 मेगाहर्ट्झचा पट्टा टीडीडीचाच आहे. तेथे खरी अडचण फोनच्या बाजूने येते: सुमारे पाव वॅट शक्तीच्या फोनला बोलायला वेळ थोडा मिळतो आणि या लहरी भिंतींतून जाताना लवकर क्षीण होतात, त्यामुळे टॉवरपासून दूर गेल्यावर ऐकू येते, पण पलीकडे पोहोचवता येत नाही.

यावरचा उपाय अनेक वाहकलहरी एकत्र बांधण्याचा. असे अनेक वाहक जोडण्याची मुभा थ्रीजीपीपी या मानक-संस्थेने आपल्या दहाव्या आवृत्तीत दिली, पण एफडीडी आणि टीडीडी यांची सांगड घालता आली ती बाराव्या आवृत्तीपासून. टीडीडीच्या रुंद पट्ट्यातून भरपूर घ्यावे आणि खालच्या वारंवारतेच्या एफडीडी वाहकावरून, विशेषतः 700 मेगाहर्ट्झवरून, पाठवावे, ही विभागणी वेगापेक्षा पोहोच वाढवण्यासाठी अधिक मोलाची आहे.