भट्टीचे वय

20 सप्टेंबर 2024 रोजी ओडिशातील कलिंगनगर येथे टाटा स्टीलने 5,870 घनमीटर आकारमानाची झोतभट्टी पेटवली. देशातली ती सर्वांत मोठी. दहा दिवसांनी, 30 सप्टेंबरला, वेल्समधील पोर्ट टॅलबट येथे याच कंपनीची तिथली शेवटची झोतभट्टी कायमची विझली. तिच्या जागी भंगार वितळवणारी, वर्षाला 30 लाख टन क्षमतेची विद्युत भट्टी येते आहे आणि 125 कोटी पौंडांच्या त्या खर्चातले 50 कोटी ब्रिटिश सरकार उचलते आहे. एकाच कंपनीचे हे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहिले, की पोलादातली कार्बनकपात खरोखर कुठे ठरते ते कळते. झोतभट्टी एकदा पेटली की आतल्या उष्णतारोधक विटांचे अस्तर झिजेपर्यंत, साधारण 15 ते 20 वर्षे, अहोरात्र चालते. मधल्या काळात तिच्यात सुधारणा होतात, पण तिची जात बदलत नाही. म्हणून कोणत्याही पोलाद कारखान्याचा प्रामाणिकपणा दोनच वेळी तपासता येतो: नवी भट्टी बांधताना आणि जुनीचे अस्तर बदलताना.

याचे कारण भट्टीच्या रसायनात आहे. खनिजातला ऑक्सिजन काढून घेतल्याशिवाय लोखंड मिळत नाही आणि झोतभट्टीत ते काम कार्बन करतो. हेमॅटाइटपासून एक टन लोखंड कार्बन मोनॉक्साइडने सुटे करायला, अगदी कागदावरच्या हिशेबानेही, 320 किलो कार्बन लागतो आणि त्यातून जवळजवळ 1.2 टन कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टी तापवणे, कोक भाजणे, खनिजाची भुकटी सिंटर करणे आणि वीज हे सगळे त्यावर वेगळे. आपल्या खनिजात ॲल्युमिना जास्त, कोळशात राख जास्त. त्यामुळे मळी वाढते आणि मळीबरोबर इंधनही. भारतात टनभर पोलादामागे सरासरी 2.54 टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर जगाची सरासरी 1.9 टनांच्या आसपास आहे. शिवाय कोक हे नुसते इंधन नाही. हजारो टन खनिजाचा भार तो पेलतो, आणि त्याच्या तुकड्यांमधल्या फटींतून तप्त वायू वर चढतो. कोळशाची भुकटी, मिथेन, हायड्रोजन यांतले काहीही खालून फुंकले तरी कोकचा हा सांगाडा पूर्णपणे काढता येत नाही. झोतभट्टीतल्या कपातीची कमाल मर्यादा इथेच ठरते.

टाटा स्टीलने जमशेदपूरला केलेले प्रयत्न या मर्यादेच्या आत मोजायला हवेत. तिथे सप्टेंबर 2021 मध्ये भट्टीच्या वायूतून रोज 5 टन कार्बन डायऑक्साइड वेगळा करणारे संयंत्र सुरू झाले. 2022 मध्ये कोळशाच्या थरांतला मिथेन भट्टीत सोडून पाहिला गेला. एप्रिल 2023 मध्ये ‘ई’ भट्टीत झोताच्या 40 टक्के नळ्यांमधून सलग काही दिवस हायड्रोजन सोडला. त्यातून टनामागे 7 ते 10 टक्के उत्सर्जन घटेल, अशी कंपनीची अपेक्षा होती. चालू भट्टीत स्फोटक वायू सोडणे हे धाडसाचे आणि कौशल्याचे काम आहे, आणि ज्या अभियंत्यांनी ते केले त्यांचे मोल कमी लेखता येत नाही. पण रोजचे 5 टन म्हणजे वर्षाला सुमारे 1,800 टन. वर्षाकाठी कोटभर टन पोलाद काढणाऱ्या कारखान्याच्या उत्सर्जनात हा वाटा दहा हजारातला एकही भरत नाही. जपानमध्ये निप्पॉन स्टीलने हायड्रोजनच्या बळावर 43 टक्के कपात साधली, ती 12 घनमीटरच्या प्रायोगिक भट्टीत. कलिंगनगरची भट्टी तिच्या जवळजवळ 490 पट आहे.

यावर पहिला आक्षेप न्यायाचा, आणि तो खरा आहे. भारतात दरडोई पोलादाचा वापर वर्षाला सुमारे 100 किलो, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. ब्रिटनने दीडशे वर्षे कोळसा जाळून पोलाद साठवले. आता तेच भंगार म्हणून त्याच्या विद्युत भट्टीला मिळणार आहे. आपल्याकडचे पोलाद अजून पुलांत, रुळांत, इमारतींत उभे आहे किंवा उभे व्हायचे आहे. लुधियानाजवळ 7.5 लाख टनांची भंगारावरची भट्टी उभारता येते, पण 2017 च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने 2030-31 साठी ठेवलेले 30 कोटी टनांचे उद्दिष्ट भंगारावर गाठता येणार नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. झोतभट्टी टाळून निव्वळ हायड्रोजनने एक टन लोखंड काढायला किमान 54 किलो हायड्रोजन लागतो, आणि तेवढा पाण्यातून मिळवायला 2,700 ते 3,000 युनिट वीज. ही वीज कोळशाची असेल तर सगळा खटाटोप व्यर्थ. दोन्ही आक्षेप मान्य करूनही माझे म्हणणे बदलत नाही, कारण त्यांतून सिद्ध होते ते एवढेच, की भारताला जास्त वेळ मिळायला हवा. तो वेळ कुठे संपतो हे सांगण्याची जबाबदारी त्याने टळत नाही. टाटा स्टीलचे निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य 2045 चे आहे. 2024 मध्ये पेटलेल्या भट्टीचे अस्तर 2040 च्या आसपास बदलावे लागेल. त्या वेळी तेच अस्तर पुन्हा लावले, तर भट्टी 2045 ओलांडून पुढे जळत राहील. हे लक्ष्य खरे ठरवायचे असेल तर त्या अस्तराचा निर्णय आजच जाहीर व्हायला हवा. सरकारनेही डिसेंबर 2024 मध्ये हरित पोलादाची व्याख्या करताना टनामागे 2.2 टनांपर्यंतची सूट ठेवली. दर तीन वर्षांनी ती तपासली जाणार हे चांगले, पण सुरुवातीचा उंबरठा फारच सैल आहे. युरोपची सीमेवरची कार्बन आकारणी जानेवारी 2026 पासून लागू झाली. ती आपल्या सोयीसाठी थांबणार नाही.

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न दूरचा नाही. 1882 च्या एका भूगर्भीय अहवालात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजाबद्दल वाचूनच जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाने घर केले. वरोऱ्याचा कोळसा मात्र त्या कामाला उतरला नाही. आज त्याच पट्ट्यात, गडचिरोलीत, सुरजागडच्या खनिजावर मोठ्या पोलाद प्रकल्पांच्या घोषणा होत आहेत. रायगडमधल्या डोलवीला नैसर्गिक वायूवर लोखंड काढण्याचा अनुभव अनेक वर्षांचा आहे, म्हणजे दुसरी वाट राज्याला अनोळखी नाही. गडचिरोलीत जिथे झोतभट्टीच बांधायची असेल, तिथे पर्यावरण मंजुरीच्या अटींत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कार्बन पकडणाऱ्या संयंत्रासाठी आत्तापासून राखलेली जागा, पहिले अस्तर संपण्याचे अपेक्षित वर्ष, आणि त्या वर्षी कोकवरची भट्टी पुन्हा पेटवायची असेल तर नव्याने जनसुनावणी.