सोमवारची निळी गोळी

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी जेवल्यावर घ्यायची असते, कारण रिकाम्या पोटी मळमळतं. तिच्यासाठी सरकारी योजनेने सुचवलेला वार मात्र सोमवार. आपल्याकडे बऱ्याच मुलींचा सोमवारी उपवास असतो, हे वस्तीतल्या कुठल्याही पोरीने पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींमधलं रक्तक्षयाचं प्रमाण २०१५-१६मध्ये ५४.१ टक्के होतं, ते २०१९-२१मध्ये ५९.१ टक्के झालं. त्याला कारणं अनेक. पण या मधल्या काळात गोळ्याही होत्या आणि ‘पालेभाज्या खा’ म्हणणारी भित्तिपत्रकंही होती. पाणी भरून, धाकट्या भावाला तयार करून चहा-खारीवर शाळेत धावणाऱ्या मुलीला पालेभाजी खायची असते हे ठाऊक असतं. घरात भाजी कोणती आणायची, हे ती ठरवत नाही. आणि चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, हे त्या पत्रकावर क्वचितच लिहिलेलं असतं. रोज तासभर व्यायामाच्या सल्ल्याचंही तेच. वस्तीतलं एकुलतं मैदान संध्याकाळी मुलांच्या क्रिकेटने भरलेलं असतं.

म्हणून अशा योजना आखायलाच गरीब घरच्या मुली हव्यात. आखून झाल्यावर पथनाट्यात उभं करायला नव्हे. त्यांना वैद्यकातलं काय कळतं, असं कुणी विचारेल. गोळीत लोह किती, हे डॉक्टरच ठरवतील. वार, वेळ आणि जागा यांत मात्र तज्ज्ञ त्याच. मराठवाड्यातल्या पाचोड गावच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने शाळा सुटलेल्या, दिवसा राबणाऱ्या मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग संध्याकाळी तासभर ठेवले आणि आखणीत पालकांनाही घेतलं. १९९७ ते २००१ या काळात हे वर्ग चाललेल्या गावांत मुलींच्या लग्नाचं मध्यक वय १६वरून १७वर गेलं. हे उदाहरण खाण्यापिण्याचं नाही. पण दिनक्रम पाहून वेळ ठरवली आणि घरच्यांना सोबत घेतलं, तर मुली येतात, हे त्यातून दिसतं. दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो: आधीच कामाने वाकलेल्या पोरींवर आणखी एक जबाबदारी कशाला? तसं होऊ नये म्हणून त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा, आणि चारचौघींत बोलक्या तेवढ्याच निवडू नयेत. शिवाय त्यांनी ‘मैदान आठवड्यातून दोन संध्याकाळी आमचं’ असं सुचवलं, तर ते अमलात आणण्याचं काम नगरसेवकाचं. पोरांशी भांडायला मुलींना पाठवायचं नाही.