पट्टी भरली, लिहिणं बाकी

अंधेरीत वीरा देसाई रोडपासून ओशिवऱ्यापर्यंत पसरलेल्या एडिटिंग स्टुडिओंतून तयार झालेला चित्रपट थिएटरकडे निघतो तो डीसीपीच्या, म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेजच्या रूपात. मरोळच्या यूएफओ मूव्हीजने उपग्रहावरून चित्रपट पोचवायची सोय केली, तरी हार्ड डिस्कची वाट बंद झालेली नाही. या डिस्कसाठी शिफारस असते लिनक्सच्या ईएक्सटी-२ किंवा ईएक्सटी-३ फाइल सिस्टिमची. टूके दर्जाच्या चित्रपटाला सेकंदाला कमाल 250 मेगाबिट चालतात. त्या वेगाने अडीच तासांचा चित्रपट सुमारे 280 जीबी भरतो. एवढी कॉपी संपायला वेळ लागतो, बाहेर कुरियरवाला थांबलेला असतो आणि पडद्यावरची पट्टी शंभर टक्के झाली की केबलकडे हात जातो.

तो हात थांबवायला हवा. लिनक्स डिस्कवर थेट लिहीत नाही. मजकूर आधी रॅममध्ये ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. एरवीच्या सेटिंगमध्ये उपलब्ध रॅमच्या 20 टक्क्यांपर्यंत असा मजकूर साचू शकतो. म्हणजे 32 जीबी रॅमच्या मशीनवर पट्टी भरल्यावरही पाच-सहा जीबी मागे राहिलेले असू शकतात. सेकंदाला दहा एमबी वेगाने लिहिणाऱ्या पेन ड्राइव्हला तेवढ्यासाठी दहा मिनिटं लागतील. त्यात ईएक्सटी-२ला जर्नल नाही. मध्येच केबल निघाली तर कोणती नोंद अर्धवट राहिली, हे सांगणारी वहीच तिच्याकडे नसते. ईएक्सटी-३ला जर्नल आहे, पण ते फाइल सिस्टिमची घडी सावरतं. रॅममध्येच राहून गेलेली चित्रं परत आणत नाही.

मागे राहिलेलं लिहिणं पुरं करून डिस्क सोडवण्यासाठी यूमाउंट ही कमांड आहे. 1971 सालच्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही ती आहे. टाइप करताना पहिल्या ‘यू’नंतर ‘एन’ येत नाही, नवशिके तिथेच अडतात. आधी एलएसबीएलके कमांडने डिस्क कुठे जोडली आहे ते पाहायचं, मग सुडो यूमाउंट आणि पुढे त्या जागेचा पत्ता. उरलेला सगळा मजकूर डिस्कवर जातो आणि मगच फाइल सिस्टिम सुटते. मध्ये काही मिनिटं टर्मिनल गप्प असतं. मशीन अडकलं असं समजून याच वेळी केबल ओढली जाते. काही न बोलता प्रॉम्प्ट परत आला, की काम झालं.

‘टार्गेट इज बिझी’ असं उत्तर आलं, तर कोणीतरी तिथली फाइल उघडी ठेवली आहे. पुष्कळदा आपलंच टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं असतं. सीडी कमांडने बाहेर यायचं. नाहीतर एलएसओएफ किंवा फ्यूजर विचारलं की प्रोग्रामचं नाव कळतं. घाईत यूमाउंटला वजा-एल जोडायचा मोह होतो, तो टाळाच. त्याने डिस्क माउंटच्या यादीतून लगेच दिसेनाशी होते, पण उघड्या फाइलींचं लिहिणं मागे चालूच राहू शकतं. वजा-एफ मुख्यतः बंद पडलेल्या नेटवर्क सर्व्हरसाठी आहे, पोर्टेबल डिस्कसाठी नव्हे.

तपासणीबद्दलही सांगायलाच हवं, कारण इथे जाणकारही फसतात. डीसीपीच्या पॅकिंग लिस्टमध्ये प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली खूण, असतो. कॉपी झाल्या-झाल्या तो ताडून पाहिला, तर नुकत्याच लिहिलेल्या फाइली रॅममधूनच वाचल्या जाऊ शकतात आणि डिस्क खराब असूनही हिशेब जुळतो. त्यामुळे यूमाउंट करा, डिस्क काढून पुन्हा जोडा, फक्त वाचण्यापुरती माउंट करा आणि मग हॅश ताडा. वेळ दुप्पट जातो, पण शुक्रवारच्या पहिल्या खेळाला पडदा कोरा राहण्यापेक्षा तो परवडतो.

बोरिवली-मुलुंडच्या घरांत कॉलेजची मुलं आता जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालतात. पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. मुलांना कॉपीची कमांड शिकवाल त्याच दिवशी यूमाउंटही शिकवा.