बुडालेल्या गावाचा पत्ता

आमच्या बऱ्हाणपुरास राजघाटापाशी तापीच्या पात्रात एक दगडी हत्ती आहे. पावसाळ्यात पाणी चढू लागले, की घाटावर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘हत्ती दिसतो का?’ पुढे हत्ती बुडतो. तरीही एखादा जुना नावाडी गढूळ लोंढ्याकडे बोट करून बिनचूक सांगतो, ‘तो तिथे!’ त्याच्यापाशी यंत्र नसते. काठावरच्या दोन खुणा तो एका रेषेत धरतो, दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन धरतो, आणि दोन्ही रेषा जेथे मिळतात तेथे हत्ती असतो.

पाण्याच्या पोटात गेलेली वस्तू शोधण्याची विद्या जगात पुष्कळ पुढे गेली आहे. परंतु तिचे मूळ या दोन रेषांतच आहे, असे आम्हांस वाटते. स्वीडनचे ‘वासा’ हे युद्धनौकेचे जहाज १६२८ साली पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाले. अँडर्स फ्रँझेन या अभियंत्याने आधी जुनी दप्तरे चाळली आणि मगच होडी पाण्यात घातली. १९५६ साली त्याने तळाशी सोडलेल्या पोकळ शोधकांड्यात काळ्या पडलेल्या ओक लाकडाचा तुकडा वर आला, आणि ३२ मीटर खोलीवरचे जहाज सापडले. लाकूड पोखरणारा सागरी किडा त्या कमी खारट पाण्यात जगत नाही, म्हणून ते तीनशे वर्षे टिकले होते. गोड्या पाण्याच्या थंड सरोवरांत बुडालेली जहाजेही याच कारणाने शाबूत राहतात, आणि पाणबुड्यांना त्यांची ओढ वाटते.

उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवरात १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झेरल्ड’ हे मालवाहू जहाज २९ माणसांसह बुडाले. चारच दिवसांनी, लोखंडामुळे चुंबकक्षेत्रात पडणारा फरक टिपणाऱ्या विमानाने त्याचा ठावठिकाणा लावला. त्यानंतर सोनार यंत्राने तळाचे चित्र घेतले. (हा सोनार आपल्या सराफ्यातला नव्हे!) होडीमागून ओढलेले हे यंत्र दोन्ही बाजूंना ध्वनी सोडते. कठीण वस्तूवरून प्रतिध्वनी जोराने परततो, तिच्या आड ध्वनी न पोहोचल्याने सावली पडते, आणि त्या सावलीच्या लांबीवरून वस्तूची उंची काढता येते.

वाचक म्हणतील, आपल्याकडे कुठली आली सरोवरातली जहाजे? खरे आहे. आपल्याकडे गोड्या पाण्यात बुडाली ती गावे. भीमेवर उजनीचे धरण झाले आणि इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने देऊळ जलाशयात गेले. पाणी फार उतरले की ते आजही दर्शन देते. आमच्या अगदी शेजारचे उदाहरण हरसूदचे. २००३ सालापर्यंत बऱ्हाणपूर व हरसूद एकाच पूर्व निमाड जिल्ह्यात नांदत होते. नर्मदेवरील इंदिरा सागर धरणाची कोनशिला १९८४ साली बसली, आणि २००४ च्या पावसाळ्यात हरसूद बुडाले. सुमारे अडीचशे गावांना या जलाशयाची झळ पोहोचली. लोकांनी आपल्याच हातांनी घरे पाडून दारे, खिडक्या, कौले गाड्यांवर लादली. त्यामुळे पाण्याखाली उरले ते बहुतांशी चौथरे आणि भिंतींचे बुंधे.

उद्या कोणी त्या जलाशयावर सोनार फिरवला, तर हे चौथरे दिसतील. परंतु हा चौथरा कोणाचा, लग्नाचा मांडव कोठे पडे, पाणी कोणत्या विहिरीचे गोड होते, हे कोणते यंत्र सांगणार?

आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याचे आजोबा हरसूदचे. एका रविवारी आम्ही त्यांच्यापुढे जुन्या दिनदर्शिकेचे पान पालथे ठेवले. स्टेशनपासून रस्ता काढीत ते बाजारापर्यंत आले आणि विहिरीपाशी अडले. आतून आजीबाई म्हणाल्या, ‘लिंबाच्या अलीकडे नव्हे, पलीकडे.’ आजोबांनी खोडून दुरुस्त केले. एकाची आठवण ही एक रेषा. दुसऱ्याची तीस छेदून गेली, तेव्हा जागा पक्की झाली. उरलेला भाग दिवाळीच्या सुटीत काढू, असे म्हणून आम्ही उठलो. दिवाळीपूर्वीच ते गेले. तो अर्धा नकाशा आमच्या कपाटात आहे, आणि बाजाराच्या पुढे त्यावर कोरा कागद आहे. आळस आमचाच; त्याचे खापर दुसऱ्या कोणावर फोडता येत नाही.

म्हणून ही विनंती. ज्यांचे आजोळ, सासर वा शेत कोणत्याही धरणाखाली गेले असेल, त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना आजच बोलते करावे. डोंगर, पूल, रेल्वेस्टेशन अशा टिकाऊ खुणेपासून पावलांचे अंतर लिहावे. पटवाऱ्याकडील जुना खसरा क्रमांक मिळाल्यास नोंदवावा. दोघांना वेगवेगळे विचारावे, तारीख घालावी आणि दोन प्रती दोन घरी ठेवाव्यात. मात्र तरुणांनी हौसेने जलाशयात बुडी मारू नये. तळाशी झाडांचे खुंट, तारा, उघड्या विहिरी असतात, आणि धरणाच्या दरवाजांपाशी पाण्याची ओढ जीवघेणी असते. ते काम परवानगी घेऊन जाणाऱ्या शिकलेल्या पाणबुड्यांचे.

आपले काम काठावरचे आहे, आणि त्यास कागद व पेन्सिल एवढेच लागते. तापी उतरली की आमचा हत्ती पुन्हा दिसेल. हरसूदचा बाजार कोठे होता, हे सांगणारी माणसे मात्र दर वर्षी कमी होत आहेत.