घराचा चौक आणि विजेचे बिल

मे महिन्याची भर दुपार. काशीत लू वाहत असते आणि पारा चव्वेचाळीसच्या आसपास रेंगाळत असतो. मात्र ब्रह्माघाटाकडे जाणाऱ्या अरुंद गल्लीत पाऊल टाकले की अंगाची काहिली जरा कमी होते. दोन्ही बाजूंची उंच घरे एकमेकांवर सावली धरून उभी असतात.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगाघाट या परिसरात पेशवाईच्या काळापासून मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. इथल्या जुन्या घरांच्या भिंती जाड आणि मधोमध आकाशाला उघडा चौक. रात्रीची गार, जड हवा या चौकात उतरते आणि सकाळपर्यंत फरशी नि भिंती थंड करते. दिवसा तापलेली हलकी हवा चौकातून वर निघून जाते आणि तिच्या जागी गल्लीतील सावलीची हवा दारातून आत येते. खालच्या खोल्यांना उजेडही चौकातूनच मिळतो. पंख्याचे आणि दिव्याचे बरेचसे काम हा चौक करीत असे, तेही एक पैसा न घेता.

मग बिल वाढले कशाने? कुटुंबे वाढली, वाटण्या झाल्या, जागा अपुरी पडू लागली. माकडांचा उपद्रव तर काशीला नवा नाही. अनेक घरांनी चौकावर पत्रे टाकले. झाले! भर दुपारी आतल्या खोलीत दिवा लागला, पंखा अष्टौप्रहर फिरू लागला. पंख्याने भागेना म्हणून कूलर आला आणि कूलरने भागेना म्हणून एअरकंडिशनर.

हिशेब करून पाहा

एक हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट वीज जळते. अंधाऱ्या खोलीतला ६० वॉटचा जुना बल्ब रोज दहा तास लागला, तर महिन्याला १८ युनिट होतात. तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी तीन युनिटांहूनही कमी घेतो. पत्र्याऐवजी लोखंडी जाळी बसवली, तर माकडे बाहेर राहतात, हवा-उजेड आत येतो आणि दिवसा दिवा लावण्याची गरजच उरत नाही.

साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉटचा असतो. सोळा तास फिरला तर महिन्याला ३६ युनिट. नव्या बीएलडीसी पंख्याला तीसेक वॉट पुरतात, म्हणजे साडेचौदा युनिटांत भागते. असा पंखा महाग असला, तरी वर्षातील सात-आठ महिने पंखे फिरणाऱ्या गावात तो आपली किंमत भरून काढतो.

कूलर कोरड्या लूमध्ये उत्तम काम देतो. पावसाळ्याच्या दमट हवेत मात्र त्याने नुसता चिकचिकाट वाढतो, तेव्हा पंखाच बरा. एअरकंडिशनर लावायचाच तर २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा हळू फिरवावा. एकेक अंश वर ठेवल्याने सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

थंडीत काशी चांगलीच गारठते. दोन हजार वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. घरातल्यांनी लागोपाठ आंघोळी उरकल्या, तर तेच पाणी पुन्हापुन्हा तापवावे लागत नाही.

स्वयंपाकघरातही

डाळ-तांदूळ आधी भिजवावे, शिजवताना प्रेशर कुकर वापरावा, भांड्यावर झाकण ठेवावे आणि उकळी आली की आच मंद करावी. ज्योत निळी न राहता पिवळी दिसू लागली, तर बर्नर साफ करायला झाला आहे असे समजावे. फ्रिज भिंतीला चिकटवू नये, मागे हवा खेळू द्यावी. आमटी गरम असताना आत ठेवण्याची घाई करू नये, पण अन्न तासन् तास बाहेरही राहू देऊ नये.

तारा गेल्या, बिल राहिले

काशीच्या गल्ल्यांवर पूर्वी विजेच्या तारांचे जाळे लोंबत असे. २०१५ नंतर एकात्मिक विद्युत विकास योजनेखाली जुन्या शहरातील अनेक भागांत त्या जमिनीखाली गेल्या आणि गल्लीतून पुन्हा आकाश दिसू लागले. पण तारा दिसेनाशा झाल्या म्हणून मीटर काही थांबला नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावरील तीन किलोवॉटच्या सौरसंचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान ठरले. मोकळी गच्ची असेल त्याने जरूर लाभ घ्यावा. मात्र तीन किलोवॉटला अंदाजे तीनशे चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, आणि गल्लीतली गच्ची लहान, शिवाय चार भावांच्या मालकीची! सर्वांचे एकमत होईपर्यंत थांबण्यापेक्षा वाचवलेले युनिट आजच पदरात पडते.

चाळीशी पार केलेल्या पाऱ्यात वीज गेली, तर सर्वांत हाल होतात ते आजी-आजोबांचे आणि तान्ह्या बाळांचे. अशा वेळी चौक उघडा असलेले घर त्यांना थोडा तरी श्वास देते. म्हणून नवे यंत्र आणण्याआधी एकदा वर पाहावे. चौकावरचा पत्रा निघण्यासारखा आहे का?