सर्व्हर अडला, पण नेमका कुठे?

जुने सर्व्हर सहसा चालता चालता बंद पडत नाहीत. पाच-सात वर्षं अखंड चाललेलं यंत्र दिवाळीच्या सुट्टीत कोणीतरी बंद करतं, किंवा रात्री वीज जाते, यूपीएसही संपतो, आणि सकाळी बटण दाबलं तर ते उठत नाही. डिस्कच्या मोटरवर सर्वांत जास्त ताण येतो तो थांबलेल्या अवस्थेतून वेग घेताना. पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर तापलेले असताना कसंबसं काम रेटतात, गार झाले की हात टेकतात. मधल्या वर्षांत कोणी एखादं सेटिंग चुकीचं बदललं असेल, तर तेही आत्ताच उघडं पडतं.

पतसंस्था, शाळा, दवाखाना, छोटा कारखाना अशा ठिकाणी सगळा हिशेब त्या एका डब्यात असतो. तो उठला नाही की पहिल्या तासाभरात घाबरून जे केलं जातं, त्यानेच माहितीचं सर्वाधिक नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे. पुन्हा पुन्हा बटण दाबणं, डिस्क काढून भलत्याच खाचेत बसवणं, पडद्यावर आलेल्या प्रश्नाला न वाचता ‘यस’ म्हणणं. त्याआधी यंत्र कुठल्या पायरीवर थांबलं, एवढंच शोधायला हवं.

पंखेच फिरत नसतील तर दोष विजेचा. वायर, यूपीएस, सप्लाय तपासावा. दोन सप्लाय असतील तर एकेक लावून पाहावा. पंखे फिरतात पण पडदा काळाच, म्हणजे यंत्र सुरुवातीच्या स्वतःच्या चाचणीतच अडकलं. या चाचणीला ‘पोस्ट’ म्हणतात. बीप ऐकू आले तर ते मोजून त्या मॉडेलच्या पुस्तिकेशी ताडून पाहावेत, कारण त्यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. मग जादाची कार्डं काढून, एकच रॅम पुसून, नीट बसवून सुरू करावं. डेलच्या सर्व्हरमध्ये आयड्रॅक आणि एचपीच्या सर्व्हरमध्ये आयएलओ नावाचा देखरेखीचा छोटा संगणक असतो. मुख्य यंत्र उठत नसलं तरी वीज मिळत असेपर्यंत तो जागा असतो, आणि कुठल्या खाचेतली रॅम बिघडली याची नोंद बहुतेकदा त्याच्याकडे सापडते. ती नोंद उघडून पाहण्याआधीच पेचकस हातात घेतला जातो, याचं वाईट वाटतं.

मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो, सीआर 2032, तीन व्होल्टचा. प्लग भिंतीत असेपर्यंत त्याच्यावर भार जवळजवळ नसतोच, त्यामुळे तो कधी संपला ते कळत नाही. वीज पूर्ण गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि बायोसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, सेटिंग मूळपदावर येतात. इथे खरी गोम आहे. डिस्क नियंत्रक ‘रेड’ पद्धतीवर ठेवलेला असेल आणि सेटिंग साध्या पद्धतीवर घसरलं, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि निळा पडदा येतो. डिस्क गेली असं समजून लोक ती बदलायला निघतात. आधी तारीख बघावी. ती चुकलेली असेल तर सेल बदलून सेटिंग परत जागेवर आणावं, पण त्या आधी कोणत्याही डिस्कला हात लावू नये.

‘रेड’ म्हणजे अनेक डिस्क जोडून एक करणं. 1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना शोधनिबंधात मांडली. एक डिस्क गेली तरी काम चालावं, हा तिचा मोठा फायदा. पण ती बॅकअप नव्हे. 2019च्या नोव्हेंबरमध्ये एचपीईने आपल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता: फर्मवेअरमधल्या चुकीमुळे त्या बरोबर 32,768 तास चालल्यावर, म्हणजे 3 वर्षं 270 दिवस 8 तासांनी, कायमच्या बंद पडणार होत्या. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क मग जवळपास एकाच वेळी जाणार. तिथे ‘रेड’ काय करणार?

नियंत्रक बदलला किंवा डिस्क हलवल्या, की पडद्यावर ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ असा मजकूर येतो. त्याखाली ‘इम्पोर्ट’ आणि ‘क्लिअर’ हे दोन पर्याय जवळजवळ असतात. ‘क्लिअर’ने डिस्कांवरची मांडणीची नोंदच पुसली जाते. म्हणून त्या पडद्याचा फोटो काढावा, प्रत्येक डिस्कवर खाचेचा क्रमांक मार्करने लिहावा, आणि जाणकाराला विचारूनच पुढे जावं.

डिस्क दिसते तरी सिस्टिम उठत नाही, तेव्हा दोष पुढच्या पायरीवर. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्या 512 बाइट्समध्ये सुरुवातीचा छोटा प्रोग्राम आणि विभागांची नोंद असते. ती बिघडली की सिस्टिम सुरूच होत नाही. लिनक्स दीड मिनिट थांबून ‘इमर्जन्सी मोड’मध्ये जात असेल, तर केव्हाच काढून टाकलेल्या एखाद्या डिस्कची ओळ ‘एफएसटॅब’ या डिस्कांच्या यादीच्या फाइलमध्ये उरली आहे का ते पाहावं. ओळीपुढे एक ‘#’ टाकला की काम भागतं.

डिस्कच कटकट आवाज करत असेल, तर दुरुस्तीचा कोणताही प्रोग्राम तिच्यावर चालवू नये. तो तिच्यावर लिहितो आणि उरलंसुरलंही घालवतो. सर्व्हर बंद करावा. लाखमोलाची माहिती असेल तर डिस्क थेट डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्यावी. नाहीतर ती दुसऱ्या संगणकाला जोडून ‘डीडीरेस्क्यू’ या प्रोग्रामने तिची प्रत काढावी. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अवघड जागा मागे ठेवतो, आणि कुठवर आलो याची नोंद फाइलमध्ये ठेवत असल्यामुळे मध्ये थांबला तरी पुढून सुरू करता येतो. मग मूळ डिस्क अँटीस्टॅटिक पिशवीत घालून कपाटात ठेवावी, आणि दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत.