पुढे पाठवा, पण पाहून पाठवा

पूर्वी गावात दवंडी पिटत. दवंडीवाला डफ वाजवी आणि चावडीचा निरोप सांगे. आज घरोघरी मोबाइल आहे. म्हणजे दवंडी आता आपल्याच हातात आली आहे. ती कशी वापरावी, ते आपण पाहू.

समजा, आपण मोबाइलवर लातूरच्या बाजारातला सोयाबीनचा भाव पाहिला. त्या पानावर एक खूण असते. कुठं तीन ठिपके दोन रेघांनी जोडलेले असतात, तर कुठं वाकडा बाण असतो. कुठं 'शेअर' असं लिहिलेलं असतं. हे पुढे पाठवायचं बटण. ते दाबावं, ज्याला पाठवायचं त्याचं नाव निवडावं आणि पाठवावं. झालं काम.

बहुधा सगळं पान जात नाही. पानाचा पत्ता जातो. त्याला लिंक म्हणतात. समोरच्यानं तिच्यावर बोट ठेवलं की तेच पान उघडतं. तोंडी निरोप चार तोंडांतून गेला की बदलतो. लिंक पाठवली तर तो कुणी लिहिला, कधी लिहिला, हे ज्याचं त्याला पाहता येतं.

नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचं धरण आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की खालच्या गावांना लवकर कळायला हवं. सरकारी सूचना एकानं दहांना पाठवली, तर नदीकाठची जनावरं आणि पाण्याच्या मोटारी वेळेवर हलवता येतात.

काही ठिकाणी 'मित्राला बोलवा, बक्षीस मिळवा' असं बटण असतं. याला रेफरल म्हणतात. आपल्या लिंकवरून कुणी आलं की आपल्याला लाभ होतो. यात गैर नाही. पण शेजारी येतो तो आपल्या शब्दावर. म्हणून वस्तू आधी स्वतः वापरून पाहावी आणि 'यात मला लाभ आहे' हे सांगून टाकावं.

पण हेच बटण घातही करतं, बरं का. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. म्हणून 'आज रात्री भूकंप होणार' असा निरोप आला की आपलं काळीज हलतं. खरं म्हणजे, भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणं जगात कुणालाच जमलेलं नाही. असा निरोप खोटा समजावा आणि तिथंच थांबवावा.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याहून वाईट घडलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावानं ठार मारलं. अफवा पाठवणाऱ्या कितीतरी जणांनी हातात काठी धरली नव्हती. त्यांनी फक्त बटण दाबलं होतं.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपनं निरोप पुढे पाठवण्यावर मर्यादा घातली. २०२० पासून फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यावर दुहेरी बाण असतो. तो दिसला की सावध व्हावं.

तेव्हा बटण दाबण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. हे कुणी सांगितलं? कधीचं आहे? कुणाच्या उपयोगाचं आहे? उत्तर मिळालं तर खुशाल पाठवा. नाही मिळालं तर बोट आवरा.